बाळ रडलं, आता त्याचं सोडियम बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय नवजात शिशू सप्ताहाच्या (१५ ते २१ नोव्हेंबर) निमित्ताने आपल्या आरोग्य पुरवणीत जन्मतः न रडणाऱ्या बाळांविषयी लेख आला होता. पहिल्या एका मिनिटात अंबू बॅग आणि मास्कने श्वास दिला तर किती जीव वाचतात, हे त्यात फार चांगलं सांगितलं होतं. मी कात्रण काढून ठेवलं. तरी दोन दिवस मनाला चैन पडेना. लेख बाळ रडल्यावर संपला होता. माझं काम तिथून पुढे सुरू व्हायचं.

मी सरकारी रुग्णालयांच्या प्रयोगशाळेत २९ वर्षं नोकरी केली. लागले तेव्हा आमच्या पदाला प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणायचे, निवृत्तीच्या कागदावर प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी असं आलं. वॉर्डात मात्र मी शेवटपर्यंत ‘लॅबवाल्या मॅडम’च होते. शेवटची बारा वर्षं आमच्याच आवारात एसएनसीयू होतं, म्हणजे आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष. लोक त्याला पेटीचा वॉर्ड म्हणतात. पेटीतल्या लेकरांचं रक्त माझ्या हातात यायचं, एका वेळी अर्धा-एक मिली. एवढं थोडं का, हे नातेवाईक विचारायचे. अडीच किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं साधारण २०० मिली, म्हणजे एक फुलपात्र भरेल इतकं. त्यातून दर वेळी मोठ्या माणसासारखं तीन-चार मिली काढत गेलं तर चार दिवसांत लेकरू पांढरं पडेल.

जन्माच्या वेळी प्राणवायू तुटला की बाळाचं शरीर उरलेलं रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं. मूत्रपिंडांचा वाटा कापला जातो. पेशींच्या आवरणात सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवणारे पंप असतात, ते प्राणवायूशिवाय थकतात, मग पोटॅशियम बाहेर गळतं. पुढे बाळाला श्वास मिळतो, रंग गुलाबी होतो, आई रडते, पेढ्यांची भाषा सुरू होते. रक्तातल्या क्षारांची गडबड मात्र त्याच वेळी आत उलगडत असते, आणि ती एका दिवसात संपत नाही. पहिले तीन दिवस तरी जपावं लागतं.

सोडियमचं मी नव्या सिस्टरांना वरणावरून सांगायचे. वरणात पाणी जास्त झालं की ते अळणी लागतं. मीठ कुठे गेलेलं नसतं, तेवढंच असतं, पाणी वाढलेलं असतं. इजा झालेला मेंदू गरज नसताना एक संप्रेरक सोडत राहतो, ते मूत्रपिंडांना सांगतं की पाणी धरून ठेवा. बाळाला लघवी होत नाही, सलाइन चालूच असतं, रक्त पातळ होतं. १३५ च्या वर असायला हवं ते सोडियम १२५ वर येतं, कधी त्याच्याही खाली. मग पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं. आधीच सुजलेला मेंदू आणखी सुजतो आणि झटके येतात. अशा वेळी पहिला उपचार बहुतेकदा पाणी कमी करणं हा असतो, मीठ घालणं नाही. पण काही बाळांची मूत्रपिंडं एवढी दुखावलेली असतात की ती खरोखर मीठ घालवतात. त्यांना मीठ द्यावं लागतं. झटके येत असतील तर ३ टक्के, म्हणजे जास्त मिठाचं सलाइन, तेही मोजून आणि दमाने. सोडियम झपाट्याने वर नेणं हाही मेंदूवर दुसरा घाव असतो. दोन बाळं एकाच वॉर्मरवर शेजारीशेजारी ठेवली तर नुसतं बघून कुणालाच सांगता येणार नाही, कुणाचं पाणी वाढलंय आणि कुणाचं मीठ गेलंय. रक्त तपासावं लागतं, लघवी मोजावी लागते, रोज वजन करावं लागतं.

कॅल्शियमची गोष्ट वेगळी. पोटात असताना ते आईकडून वारेतून अखंड येत असतं. नाळ कापली की पुरवठा एका क्षणात थांबतो आणि बाळाच्या स्वतःच्या ग्रंथींना काम उचलावं लागतं. धडधाकट बाळ एक-दोन दिवसांत ते करतं. गुदमरलेल्या बाळाच्या ग्रंथी मागे राहतात, फुटलेल्या पेशींतून फॉस्फेट सुटतं, आणि कॅल्शियम खाली जातं. पूर्ण दिवसांच्या बाळात ते १०० मिलीमागे ८ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की आम्ही वॉर्डात फोन करायचो.

एक रात्र सांगते. जानेवारीतली. ग्रामीण रुग्णालयातून आणलेलं वीस तासांचं बाळ, वजन २ किलो ६००, जन्मानंतर बॅग-मास्कवर काही मिनिटांनी रडलेलं. रात्री दीडला चौकीदार टॉर्च घेऊन क्वार्टरवर आला, “मॅडम, पेटीच्या वॉर्डातून बोलावलंय, लेकरू थरथरतंय.” मी लॅब उघडली, नमुना लावला. पोटॅशियम ११ च्या वर. कॅल्शियम इतकं खाली की मशीन धड आकडा देईना. ११ पोटॅशियमवर बाळाचं हृदय चालायलाच नको, आणि वॉर्डातून सांगत होते की ठोके व्यवस्थित आहेत. मी नळी उजेडात धरली. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी, स्वच्छ होतं, लालसर नव्हतं, म्हणजे पेशी फुटलेल्या नव्हत्या. मग डोक्यात प्रकाश पडला. मी वॉर्डात पळत गेले आणि ट्रे पाहिला. जांभळ्या टोपणाच्या नळीत हिमोग्लोबिनसाठी रक्त घेतलं होतं, आणि क्षारांच्या तपासणीची लाल टोपणाची नळी अपुरी भरली म्हणून त्या नव्या सिस्टरने जांभळीतलं थोडं रक्त तीत ओतलं होतं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं, तेही पोटॅशियमचं. ते कॅल्शियमला बांधून टाकतं आणि स्वतःचं पोटॅशियम रक्तात मिसळतं. म्हणजे आकडे अगदी त्या गुदमरलेल्या, मूत्रपिंड बंद पडलेल्या बाळासारखेच दिसतात, फक्त जास्त भडक. तो रिपोर्ट मी नुसता लिहून पाठवला असता, तर पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन भरलं गेलं असतं, आणि एवढ्याशा जिवाला विनाकारण इन्सुलिन म्हणजे साखर कोसळणार. त्या सिस्टरला मी रागावले नाही. तिची तिसरी रात्रपाळी होती, अठरा बाळं होती, आणि हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

आम्ही दोघींनी मिळून पुन्हा रक्त घेतलं, सलाइन नसलेल्या हातातून. सलाइनच्याच हातातून घेतलं तर डेक्स्ट्रोज मिसळतं, साखर आभाळाला आणि सोडियम पाताळात दिसतं. टाच पिळूनही घेतलं नाही. पिळली की पेशी फुटतात, सीरम कोकम सरबतासारखं लाल होतं आणि पोटॅशियम खोटं वर जातं. नवे आकडे आले. सोडियम १३१, पोटॅशियम ५.६, दोन्ही सांभाळून घेण्यासारखे. कॅल्शियम ६.२. ते खरंच कमी होतं. पहिल्या खोट्या आकड्याखाली खरा आजार लपलेला होता.

डॉक्टरांनी १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट पाच मिलीच्या आसपास घेतलं, तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळलं आणि सिस्टरच्या हाती सिरिंज दिली. दहा मिनिटं ती सिरिंज सरकत होती, घड्याळाच्या काट्याहूनही हळू. डॉक्टरांची नजर मॉनिटरवर, ठोके १०० च्या खाली आले की थांबायचं म्हणून. सिस्टरची नजर शिरेवर, कारण हे औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते. मी दारात उभी होते. थोड्या वेळाने सिस्टरने बाळाचं मनगट हलकेच धरून पाहिलं. नुसती थरथर असेल तर धरल्यावर थांबते, झटका थांबत नाही. मनगट शांत होतं, आणि सोडल्यावरही शांतच राहिलं. चालू मशीन, हाकेच्या अंतरावर माणूस आणि अर्धा मिली रक्त, एवढ्यावर हे झालं.

आता दुसरं. हे लिहायला जड जातं, पण ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते हेच आहे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी एक पहिलटकरणीचं बाळ दाखल झालं. उशिरा रडलेलं, अंगाने सैल. आमच्या इलेक्ट्रोलाइट मशीनचा, म्हणजे सोडियम-पोटॅशियम मोजणाऱ्या यंत्राचा, रिएजंट पॅक (तपासणीची द्रावणं) चार दिवसांपूर्वी संपला होता. मागणी गेलेली होती, भांडारात शिल्लक नव्हती, पुढे सुट्ट्या. नातेवाइकांना नमुना देऊन बाहेर पाठवलं गेलं. बाळाच्या काकाने मोटारसायकलवर साठ किलोमीटर जाऊन ती नळी शहरातल्या लॅबमध्ये दिली. तोवर हिंदकळून रक्त फुटलं होतं, लॅबने नमुना नाकारला. दुसऱ्या रात्री झटके सुरू झाले. फिनोबार्बिटोन दिलं, पुन्हा दिलं. झटके थांबेनात. सोडियम पडल्यामुळे येणारे झटके नुसत्या झटक्यांच्या औषधाने बधत नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या जिल्ह्यातून पॅक मागवला आणि मी स्वतः लावला. सोडियम ११७ होतं. त्यानंतर सलाइनचं प्रमाण कमी झालं, ३ टक्केवालं दिलं, आणि संध्याकाळपर्यंत झटके थांबले.

नंतर मी त्याचा चार्ट पाहिला. पहिल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत बाळाचं वजन ६० ग्रॅमने वाढलं होतं. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं, उतरायलाच हवं. न पाजलेल्या, सलाइनवरच्या बाळाचं वजन वाढतं तेव्हा ते पाणी असतं. आजीला मात्र आनंद झाला होता. “नातू वजन धरतोय,” असं ती दारात प्रत्येकाला सांगत होती.

तो मुलगा वाचला. आता पाच वर्षांचा असेल. आमच्याच आवारातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात व्यायामासाठी त्याला आणायचे. माझ्या टेबलाजवळच्या खिडकीतून ती वाट दिसायची. आजी त्याला कडेवर घेऊन यायची, तीन वर्षांचा झाला तरी, कारण मान धरत नव्हती. ते सोडियममुळेच झालं असं मी म्हणणार नाही. जन्माच्या वेळी मेंदूला बसलेला पहिला घावच इतका मोठा असू शकतो की आकडे सगळे नीट ठेवूनही हेच झालं असतं. कुणालाच कळणार नाही. पण सोडियम ११७ पर्यंत पडण्याआधीच, दोन दिवस आधी, ते उतरतंय हे आम्हाला कळू शकलं असतं. त्या दोन दिवसांचं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि मी ते अजून शोधते.

पॅक का संपतो, हे वाचकांना कळावं. इलेक्ट्रोलाइट मशीन साखरेच्या पट्टीसारखं नसतं, की बाळ आलं तर वापरली, नाही तर डब्यात. ते चोवीस तास चालू ठेवावं लागतं. दर काही तासांनी ते स्वतःच कॅलिब्रेशन करतं, म्हणजे आपलं माप जुळवून घेतं, आणि त्यात द्रावण खर्च होतं, नमुना एकही आला नाही तरी. बंद ठेवलं तर इलेक्ट्रोड वाळतात. आमच्याकडे मागणी व्हायची ती ‘महिन्याला किती तपासण्या’ या हिशोबाने. मग वर्षअखेरीस विचारणा यायची, “नमुने इतके कमी, रिएजंट एवढा कसा लागला?” तो हिशोब दिवसांवर झाला पाहिजे. ३६५ दिवसांचा रिएजंट आणि वर दोन पॅक राखीव. ज्या जिल्ह्यात एसएनसीयू आहे तिथे हे मशीन, आयनाइज्ड (रक्तातलं मोकळं, प्रत्यक्ष कामाचं) कॅल्शियम मोजणारं, शक्यतो त्या कक्षातच हवं, आणि रात्री त्यावर बसणारा माणूस हवा. आमच्याकडे कित्येक वर्षं रात्रपाळीचं पद रिकामं होतं. मी क्वार्टरमध्ये राहत होते म्हणून भागलं. मी गावाला गेले की लॅबला कुलूप.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली आला. आजारी नवजात बाळाच्या तपासण्या, औषधं, वाहतूक सरकारी रुग्णालयात मोफत, हा त्यातला शब्द आहे. काकाच्या हातात नळी देऊन त्याला शहरात पाठवणं त्या शब्दात बसत नाही.

आपल्या लेखात गुदमरलेल्या बाळाचा मेंदू वाचावा म्हणून त्याला थंड ठेवणाऱ्या नव्या यंत्राची खास चौकट होती. जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करून ७२ तास शरीराचं तापमान ३३.५ अंशांवर ठेवायचं, ही पद्धत श्रीमंत देशांत उपयोगी ठरली, हे खरं आहे. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झालेली ‘हेलिक्स’ चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात थंड केलेल्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, उलट जास्त झालेले दिसले. त्या चौकटीत हे यायला हवं होतं. यंत्राच्या उद्घाटनाचा फोटो छापून येतो. रिएजंट पॅक वेळेवर आला याचा कुठे येतो? तरी त्या चौकटीइतकी जागा एकदा साखर, सोडियम, कॅल्शियम आणि लघवीच्या मोजमापाला द्यावी, ही माझी कळकळीची विनंती.

आणि हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरातल्या घरात गुदमरलेल्या बाळांना श्वास द्यायला लावला, आणि ते काम १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगाने वाचलं. झोपडीत श्वास देता येतो, तर जिल्ह्याच्या ठिकाणी सोडियम मोजता येणार नाही असं कसं म्हणायचं?

रेफर चिठ्ठीबद्दलही लिहिते. त्यावर अपगारचे गुण (जन्मल्या जन्मल्या बाळाची अवस्था सांगणारे) असतात, ‘बाळ उशिरा रडले’ असतं. मला आणि डॉक्टरांना हवं असायचं ते क्वचितच असायचं. कोणतं सलाइन, तासाला किती, कधीपासून, सोडाबायकार्ब दिलं का (ते दिलं की आयनाइज्ड कॅल्शियम आणखी उतरतं), आणि बाळाने लघवी केली का. लघवी मोजायला काही लागत नाही. कोरडं लंगोट तोलायचं, ओलं लंगोट तोलायचं, वाढलेला एक ग्रॅम म्हणजे एक मिली. किलोमागे तासाला एक मिलीहून कमी होत असेल तर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहावं.

घरी गेलेल्या बाळांचंही सांगायला हवं, कारण आमच्या विदर्भाचा उन्हाळा आम्हाला माहीत आहे. वीस दिवसांचं एक लेकरू मे महिन्यात झटके देत परत आलं होतं. जन्मतः उशिरा रडलेलं, ओढून प्यायला कमजोर. आईचं दूध पुरत नसेल, घसा कोरडा पडत असेल म्हणून उकळून गार केलेलं पाणी चमच्याने दिवसातून आठ-दहा वेळा पाजत होते. सोडियम १२१. एवढ्या लहान बाळाची मूत्रपिंडं जादा पाणी झटपट बाहेर टाकू शकत नाहीत. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणी नाही, मधाचं बोट नाही, गुटी नाही, कितीही ऊन असलं तरी. बाळ ओढत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने द्यावं आणि आशाताईंना सांगावं. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. उशिरा रडलेल्या बाळाच्या घरी त्यांनी “पाणी पाजता का?” हे नक्की विचारावं.

ज्यांचं बाळ आज पेटीत आहे त्यांना मी डॉक्टरांशी भांडायला सांगत नाही. फक्त शांतपणे विचारा: सोडियम आणि कॅल्शियम कधी तपासलं, किती आलं, पुन्हा कधी तपासणार? लघवी किती झाली? वजन किती? विचारणारा कुणी आहे म्हटलं की तपासणी होते, हा माझा २९ वर्षांचा अनुभव आहे.

मी अजूनही त्या रुग्णालयापासून दहा मिनिटांवर राहते. रक्त कसं घ्यावं, कोणती नळी आधी भरावी, अर्ध्या मिलीत सगळ्या तपासण्या कशा बसवाव्यात, हे नव्या सिस्टरांना आणि लॅबमधल्या मुलामुलींना शिकवायला मी दर रविवारी यायला तयार आहे, मानधनाशिवाय. तसं पत्र मी जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाला दिलं आहे. उत्तराची वाट पाहते आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी, विदर्भ
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)